मुंबईचा कचरा आणि तो उचलणारे हात

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत सहसा विहाराचा इतिहास असतो, दिवंगत कार्यकर्त्यांच्या आठवणी असतात, देणगीदारांची यादी असते. त्यात कचऱ्यावर लेख कशाला, असे काही बांधवांना वाटेल. काही जण तर स्पष्टच म्हणतात, "बाबासाहेबांनी आपल्याला त्या घाणीतून बाहेर काढले, आता ती पुन्हा कशाला उकरता?" त्यांची भावना मला समजते. पण माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बंदर लिहिले, किल्ला लिहिला, गिरण्या लिहिल्या, शेटजींचे पुतळे लिहिले. परंतु ही मुंबई रोज सकाळी झाडत कोण होते आणि झाडलेला कचरा जात कुठे होता, हे फार थोड्यांनी लिहिले. ज्याचा इतिहास दुसरे लिहीत नाहीत त्याने तो स्वतः लिहावा, एवढे तर आपण चळवळीत शिकलो आहोत.

मी गिरणीतला माणूस. शाळा अर्धवट सुटली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात बसून. त्यामुळे हा लेख पंडिती नाही. साध्या माणसाने साध्या माणसांसाठी केलेली ही जुळवाजुळव आहे.

हलालखोर आणि बिगारी

१८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि पुढच्या दहा वर्षांत शहर फुगले. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार भरली. एवढी माणसे छोट्याशा बेटावर राहणार, जेवणार, राख-कचरा टाकणार, मलमूत्र करणार. पण ते उचलण्याची धड व्यवस्था नव्हती. १८६५ साली म्युनिसिपालिटीचा नवा कायदा आला आणि आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांच्या नावाचे मार्केट सर्वांना माहीत आहे. त्याच काळात आरोग्य अधिकारी डॉ. हेवलेट यांनी शहराच्या घाणीवर अहवालामागून अहवाल लिहिले.

अहवाल साहेबाने लिहिले, पण टोपली कोणाच्या डोक्यावर? मैला उचलणाऱ्यांना तेव्हा हलालखोर म्हणत. हे लोक बहुतेक गुजरात-काठेवाडकडून आलेले. रस्ता झाडणारे आणि कचऱ्याच्या गाड्या भरणारे ते बिगारी. त्यांच्यात दख्खन आणि कोकणातून आलेले आपले महार बांधव पुष्कळ होते. गावात महारकी होती, म्हणजे गाव झाडायचे, मेलेले ढोर ओढायचे. ती चुकवायला माणूस मुंबईला आला आणि मुंबईने त्याच्या हातात पुन्हा झाडूच दिला. फरक एवढाच, की इथे महिन्याला रोख पगार मिळाला. हा फरक लहान नव्हता. रोख पगारावर पोर शाळेत गेले आणि मनिऑर्डर गावी गेली.

पूर्वी हलालखोर घरोघरचे काम करी आणि घरमालकाकडून पैसे घेई. म्युनिसिपालिटीने हे काम आपल्याकडे घेतले आणि घरमालकांवर हलालखोर कर बसवला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात कचऱ्याची सगळी रचना आली. घरमालकाने कचरा कुठे टाकावा, पालिकेने पेट्या कुठे ठेवाव्यात, हे त्यात आहे. आणखी एक कलम आहे, ते ध्यानात ठेवा. गोळा केलेला कचरा ही पालिकेची मालमत्ता! पुढे याचा संबंध येणार आहे.

१८८९ साली हलालखोरांनी संप केला. गिरणी कामगारांची धड युनियन उभी राहण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. शहराचे नाक दोन दिवसांत वठणीवर आले. पण लगेच १८९० साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, की सफाईचे काम करणाऱ्या म्युनिसिपल नोकराने नोटीस न देता काम सोडले तर तो गुन्हा. गिरणी कामगाराने काम सोडले तर फार तर पगार बुडे. झाडूवाल्याने सोडले तर तुरुंग! ज्यांना समाज सर्वांत खालचे समजत होता, त्यांच्यावाचून आपले एक दिवस चालत नाही हे सरकारला पक्के ठाऊक होते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

प्लेगचे वर्ष

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. नंतर मुंबई रिकामी होऊ लागली. व्यापारी गेले, कारकून गेले, गिरणी कामगार बोचकी बांधून गावी निघाले. कमिशनर स्नो यांनी रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला होता. त्या सक्तीला घाबरून झाडूवाले आणि हलालखोरही शहर सोडतील अशी चिन्हे दिसली. तेव्हा स्नो साहेबाने हुकूम ढिला केला. त्यांचा हिशेब साधा होता. इतर लोक पळाले तरी शहर उरेल, पण हे पळाले तर मुंबईचा उकिरडा होईल. तेव्हा हे लोक थांबले. प्लेगच्या घरासमोरचा कचरा त्यांनीच उचलला. त्यांची नावे कुठल्याही चौकात नाहीत.

१८९१ ची ८ लाख २१ हजार लोकसंख्या १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडल्या गेल्या, रुंद रस्ते झाले. पण पाडलेल्या वस्तीतला गरीब गेला कुठे? शेजारच्या वस्तीत, आणखी दाटीने. कचरा आणि गरीब या दोघांनाही नजरेआड सरकवायचे, ही या शहराची रीत तेव्हापासूनची.

कचऱ्याची आगगाडी

सुरुवातीला कचरा दूर नेण्याची गरज नव्हती. मुंबई म्हणजे सात बेटे आणि मधे खाजणे. भायखळा-महालक्ष्मीच्या बाजूच्या सखल जमिनी, ज्यांना साहेब 'फ्लॅट्स' म्हणत, त्यांच्या भरावात शहराचा कचरा पडला. आज तिथे ज्या इमारती उभ्या आहेत त्यांच्या पायाखाली आपल्या खापरपणज्यांनी ओतलेल्या टोपल्या आहेत. पुढे खड्डे भरले, वस्ती वाढली, दुर्गंधीच्या तक्रारी वाढल्या. मग कचरा शहराबाहेर न्यायचे ठरले.

त्यासाठी आगगाडी आली. महालक्ष्मीला कचरा भरायचा आणि गाडी चेंबूरच्या खाजणाकडे न्यायची. जुने लोक तिला 'कचरा ट्रेन' म्हणत. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा लोहमार्ग १९०६ साली झाला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. त्यावरून उतारूंची वाहतूक सुरू झाली १९२४ मध्ये. म्हणजे आज हार्बर लाइनने आपण ज्या वाटेने जातो ती आधी कचऱ्याने पाडलेली आहे. १९२७ साली देवनारचे डंपिंग ग्राउंड सुरू झाले. सुमारे १३२ हेक्टर जागा, एका बाजूला ठाण्याची खाडी. योगायोग असा, की त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तिकडे आपली माणसे पाण्याचा हक्क मागत होती आणि इकडे मुंबई आपला कचरा कुणाच्या दारात टाकायचा याची जागा नक्की करत होती.

म्युनिसिपल कामगार आणि बाबासाहेब

बाबासाहेब परळला बी. आय. टी. चाळीत राहिले, दामोदर हॉलजवळ त्यांची कचेरी होती. म्युनिसिपालिटीच्या कामगारांचे जिणे त्यांनी पुस्तकात नव्हे, शेजारी पाहिले होते. १९३५ साली त्यांनी म्युनिसिपल कामगार संघाची स्थापना केली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष आला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी सांगितले, की ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू आहेत. ७ नोव्हेंबर १९३८ चा मोठा संप झाला तो संपाचा हक्क काढून घेणाऱ्या बिलाविरुद्ध. १८९० च्या कायद्याची आठवण ठेवा, म्हणजे संपाच्या हक्काचे मोल झाडूवाल्याला किती होते ते कळेल.

गिरणीतसुद्धा आमच्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण कांडीचा तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि तो 'विटाळे'. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे गिरणीत चांगल्या पगाराचे दार बंद आणि म्युनिसिपालिटीत झाडूचे दार सताड उघडे. लोक म्हणतात, "यांना हेच काम जमते." जमते नव्हे, दुसरे ठेवलेच नव्हते!

आणि गिरणीकडून एक गोष्ट शिकण्यासारखी होती. गिरणीत 'वेस्ट' नावाची वस्तू असते. ब्लो रूममध्ये, कार्डिंगमध्ये कापसाचा जो गाळ पडतो तो झाडून बाहेर फेकत नाहीत. तो खात्याप्रमाणे वेगळा ठेवतात, वजन करतात, विकतात. शेटला पैशाची किंमत कळते, म्हणून त्याच्याकडे कचरा वेगवेगळा असतो. एकत्र केला की त्याला मोल नाही, हे शेटला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. शहराला ते कळायला एकविसावे शतक उजाडले.

चाळीतला कचरा, तेव्हाचा आणि नंतरचा

१९२० नंतर वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी येथे मिळून २०७ बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. चाळीत राहिलेल्यांना 'घरगल्ली' ठाऊक आहे. दोन इमारतींच्या मधली अरुंद बोळ. तिच्यात मोऱ्यांचे पाणी, वरून टाकलेली भाजीची देठे, माशांचे काटे, फुटक्या बाटल्या. तिथे एक माणूस वाकून सफाई करत असे आणि वरची खिडकी उघडून कोणीतरी त्याच्या डोक्यावर पुन्हा टाकत असे. यात सर्व जातींचे लोक होते, आपलेही होते. हे खरे आहे, म्हणून लिहिले पाहिजे.

तरीसुद्धा जुन्या घरात कचरा थोडाच निघे. चुलीची राख भांडी घासायला. किराणा कागदाच्या पुडीत, वरून दोरा; पुडीचा कागद आणि दोरासुद्धा जपून ठेवायचा. तेल आणायला बाटली घरची. आरेचे दूध काचेच्या बाटलीत, वर पातळ पत्र्याचे रंगीत झाकण. रिकामी बाटली परत दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. रद्दी, पत्रा, काच भंगारवाल्याकडे. राहता राहिले काय? साली, देठे आणि धूळ. ती खाजणात टाकली तरी मातीत मिळत.

मग प्लास्टिकची पिशवी आली. दूध पिशवीत, तेल पिशवीत, शाम्पू पुडीत, गुटखा पुडीत. कचऱ्याचे वजन वाढले त्याहून त्याची जातकुळी बदलली. मातीत न मिळणारा कचरा मातीत मिळणाऱ्या कचऱ्यात कालवला गेला आणि दोन्ही वाया गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नाले तुंबण्यात प्लास्टिकचा वाटा मोठा होता, हे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी आले. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लास्टिक बंदी केली. बंदी कागदावर राहिली की बाजारात आली, ते वाचकांनी आपल्या पिशवीत पाहावे.

डोंगर

शहर उत्तरेकडे पसरले तसे नवे डंपिंग झाले. मुलुंड १९६७ च्या सुमारास, गोराई १९७२ मध्ये, मालाडला चिंचोली बंदर. १९७० च्या दशकात शहरातल्या झोपडपट्ट्या उठवून माणसे शिवाजीनगर-बैंगनवाडीला, म्हणजे देवनारच्या डंपिंगला लागून वसवली गेली. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून लोकांना चिता कॅम्पला नेले, तेही त्याच बाजूला. शहराने आधी कचरा पाठवला आणि मग त्याच्या शेजारी माणसे पाठवली. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्ड सर्वांत खाली होता, यात नवल ते काय?

बाकीच्या डंपिंगचे काय झाले बघा. मालाडचे बंद झाले आणि त्याच्यावर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. गोराईचे रहिवाशांच्या न्यायालयीन लढ्यानंतर २००७ च्या अखेरीस बंद झाले आणि शास्त्रीय पद्धतीने झाकले गेले. मुलुंडचे २०१८ च्या ऑक्टोबरात बंद झाले. तिथे ७० लाख टन जुना कचरा उपसायचा होता. देवनार मात्र चालूच राहिले. गोराईच्या रहिवाशाचा वकील लवकर पोहोचला, बैंगनवाडीवाल्याचा पोहोचला नाही. नाक दोघांनाही एकच आहे.

जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली. सडलेल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, तो पेट घेतो आणि आतल्या आत दिवसेंदिवस धुमसत राहतो. त्या धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसले. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या आधीही आगी लागत होत्या, गोवंडीची पोरे खोकत होती. पण या वेळी वारा शहराकडे वळला, म्हणून बातमी झाली. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय नीट होईपर्यंत शहरातल्या नव्या बांधकामांना मनाई केली. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती सैल केली. बिल्डरचे काम अडले तेव्हा कुठे कचरा हा विकासाचा प्रश्न आहे हे विधानसभेला समजले.

त्या सुमारास मुंबईत रोज ९ हजार टनांहून अधिक कचरा निघत होता. पुढे मोठ्या सोसायट्यांना आपला ओला कचरा जागीच जिरवायला लावल्यावर हा आकडा साडेसहा हजार टनांच्या आसपास आला. म्हणजे कचरा कमी करता येतो, हे मुंबईनेच दाखवले. कांजूरमार्गला नवीन पद्धतीचे केंद्र झाले आणि बहुतेक कचरा तिकडे जाऊ लागला. त्या जागेच्या वनजमिनीचा वाद २०२५ साली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला.

देवनारची गोष्ट अजून संपलेली नाही. २०२४ साली राज्य सरकारने तिथली १२४ एकर जागा धारावीतल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरवले आणि २०२५ मध्ये पालिकेने १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा हलवण्याचे काम काढले. शंभर वर्षे ज्या जमिनीत मुंबईने विष ओतले तिथे आता पुन्हा गरिबालाच न्यायचे! जमीन खरोखर स्वच्छ होणार असेल तर ठीक. पण ती स्वच्छ झाली हे ठरवणार कोण, त्याचा कागद रहिवाशाच्या हातात येणार की नाही, हे आजच विचारले पाहिजे. इमारती उभ्या राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

वारसा : सोय की बेडी?

पालिकेच्या घनकचरा खात्यात कायम कामगार अठ्ठावीस हजारांच्या आसपास. झाडणारे, मोटर लोडर, मुकादम. सकाळी चौकीवर हजेरी, मग हद्द वाटून काम. यांत आपल्या समाजाचे आणि गुजरातकडच्या मेघवाळ-वाल्मिकी समाजाचे लोक बहुसंख्य. लाड समिती १९७२ साली आणि पागे समिती १९७५ साली नेमली गेली. त्यांच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळू लागली. ही मोठी सोय. बाप दमा, क्षयरोग, दारू यांतून लवकर गेला, तरी घर उघड्यावर पडत नाही.

पण याच सोयीची दुसरी बाजू आपण बोलत नाही. खोली कामाला बांधलेली. कामगार निवृत्त झाला किंवा वारला की खोली सोडायची. मुंबईत खोली सुटली तर जायचे कुठे? मग बारावी झालेला, कधी पदवीधर झालेला मुलगा खोली वाचवण्यासाठी झाडू हातात घेतो. हा त्याचा दोष नाही. पण हजारो वर्षांची जन्माने मिळणारी कामे मोडायला आपण निघालो आणि सरकारी ठरावाने तेच काम पुन्हा बापाकडून मुलाकडे आले, हे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. मागणी अशी हवी, की नोकरीचा हक्क राहावा, पण शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे पद मिळावे आणि घर झाडूला बांधलेले नसावे.

कंत्राटी कामगाराची दशा आणखी वाईट. काम तेच, रस्ता तोच, कचरा तोच. पण पगारचिठ्ठी नाही, रजा नाही, हातमोजे नाहीत. कागदोपत्री मजूर वीसपेक्षा कमी दाखवले की १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होत नसे, म्हणून तेवढेच दाखवायचे. कुठे तर कामगाराला 'स्वयंसेवक' म्हणायचे! कचरा वाहतूक श्रमिक संघाने या कामगारांना एकत्र केले आणि वर्षानुवर्षे कोर्टात लढा दिला. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. निकाल लागेपर्यंत कित्येक जण हयात नव्हते. २०२५ साली कचरा उचलण्याच्या नव्या कंत्राटाविरुद्ध संघटनांना पुन्हा उभे राहावे लागले. एक लढाई जिंकली म्हणून युद्ध संपत नाही, हे १९८२ चा संप पाहिलेल्या गिरणगावाला सांगायला नको.

वेचणाऱ्या बाया

झाडणाऱ्याला निदान हजेरीपट आहे. डंपिंगवर आणि कचराकुंडीवर वेचणाऱ्या बाईला तोही नाही. पाठीवर गोणी, हातात लोखंडी आकडा. काच, पत्रा, प्लास्टिक, पुठ्ठा वेगळा करायचा आणि भंगारवाल्याच्या काट्यावर घालायचा. या बाया बहुतेक आपल्याच समाजाच्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा-विदर्भातून आलेल्यांची पुढची पिढी यात पुष्कळ आहे. शहराचा सुका कचरा कारखान्यापर्यंत पोहोचतो तो यांच्या गोणीतून. पालिकेचे यात किती टन वाचतात, त्याचा पगार कोण देतो? उलट १८८८ च्या कायद्यातली ती मालमत्ता! वेचणारी बाई चोर ठरते. २०१६ च्या आगीनंतर देवनारला पहारा बसला, तेव्हा पहिली बंदी आली ती यांच्यावर.

पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. बायांना ओळखपत्र मिळाले. त्यातूनच २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि वेचणारी बाई घरोघर जाऊन कचरा घेऊ लागली, घरटी शुल्क घेऊ लागली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून परिसर विकास प्रकल्पात या बायांना शिकवले, त्यांचे बचत गट आणि सहकारी संस्था केल्या. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारे 'निसर्गऋण' संयंत्र तयार केले, तेही या बायांनी चालवले. निरक्षर बाई गॅसचा दाब बघून व्हॉल्व्ह फिरवते, हे पाहिले की "यांना हेच काम जमते" म्हणणाऱ्यांची तोंडे बंद होतात.

आपण काय करायचे?

राजगृहात सुनीत नावाचा झाडूवाला होता. रस्त्यावर टाकलेली सुकलेली फुले झाडण्याचे त्याचे काम. भगवान बुद्ध येताना दिसले तसा तो भिंतीला चिकटून उभा राहिला, आपला स्पर्श होऊ नये म्हणून. बुद्ध त्याच्याकडेच गेले आणि त्याला संघात घेतले. या कथेत एक गोष्ट लक्षात घ्या. बुद्धांनी सुनीताला "तुझे काम थोर आहे, तेच करत राहा" असे सांगितले नाही. कामाचे गोडवे गाऊन माणसाला त्याच कामात ठेवणारे पुष्कळ झाले. बुद्धांनी माणसाला माणूस म्हणून बोलावले.

आपल्यालाही तेच करायचे आहे. कचऱ्याचे काम कुणाला तरी करावेच लागणार. पण ते जातीने वाटलेले नसावे, नुसत्या हाताने करायचे नसावे आणि फुकट नसावे. यंत्र, मोजे, बूट, कायम नोकरी, योग्य पगार ही मागणी सरकारकडे. घरातली जबाबदारी मात्र आपली. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे याला पैसा लागत नाही, एक जादा डबा लागतो. फुटलेली काच, वापरलेले ब्लेड कागदात गुंडाळून वर खूण करा. बाळाचे डायपर, बायकांचे पॅड कागदात बांधून वेगळे द्या. ते सुटे टाकले तर कुणाच्या तरी हाताला लागतात आणि तो हात बहुतेक वेळा आपल्याच आईबहिणीचा असतो.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्क पुन्हा स्वच्छ दिसते ते रात्रपाळी करणाऱ्या कामगारांमुळे. त्यांतले कितीतरी जण गणवेश उतरवून नंतर अभिवादनाच्या रांगेत उभे राहतात. त्यांची रात्रपाळी एक तासाने जरी कमी झाली, तरी ते मोठे अभिवादन होईल. आपल्या विहाराने यंदाच्या १४ एप्रिलच्या भोजनदानात थर्माकोलच्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले बंद करावेत, स्टीलची ताटे घ्यावीत आणि ती धुण्याची पाळी आपण सर्वांनी, पुरुषांनीसुद्धा, वाटून घ्यावी. वस्तीतल्या सफाई कामगारांची व वेचणाऱ्या बायांची नोंद करून त्यांच्या मुलांची अभ्यासिका विहारात चालू करावी. जे निवृत्त म्युनिसिपल कामगार आपल्या वस्तीत आहेत त्यांच्याकडून त्यांच्या नोकरीच्या हकिगती लिहून घ्याव्यात, म्हणजे पुढच्या स्मरणिकेत हा इतिहास नावानिशी छापता येईल. हे काम करायला जे तरुण तयार असतील त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर कार्यकारिणीकडे नावे द्यावीत. पहिले नाव माझे लिहावे.

जय भीम!